कृष्णाबाईच्या डोक्यावरची जागा

मी एक जुनी चुंबळ आहे, आणि स्वभावाने हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. दुसऱ्याचं कौतुक झालेलं मला बघवत नाही. त्यातून ते कौतुक डोकं, मान आणि खांदे एवढ्या भागातलं असेल, तर मुळीच नाही.

तुमच्यातल्या पुष्कळांनी चुंबळ पाहिलीच नसेल. डोक्यावर हंडा नाहीतर पाटी घ्यायची, तर खाली काहीतरी मऊ लागतं, आणि ते गोल असलं की ओझं घसरत नाही. त्यासाठी जुनं कापड पीळ देऊन वळतात, त्याची कडी करतात. ती मी. दिसायला मी काही खास नाही. पण डोकं आणि ओझं यांच्यामध्ये बसायचा अधिकार माझा एकटीचा होता, आणि तो मी कुणाला वाटून दिला नाही.

माझा जन्म पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात झाला. कृष्णाबाई नुकतीच लग्न होऊन आली होती आणि तिला सासरच्या बायकांबरोबर मिठागरावर जायचं होतं. तिने आपल्या हिरव्या लुगड्याचा फाटका तुकडा घेतला, आत भाताचा पेंढा भरला, गोल वळला आणि जाळ्याच्या दोऱ्याने घट्ट शिवला. शिवताना सुई तिच्या बोटात गेली आणि तिने मलाच शिव्या घातल्या. मी या जगात ऐकलेले पहिले शब्द म्हणजे त्या शिव्या. तरीही त्या दिवसापासून मी तिची झाले.

दिवाळी सरली की मिठागरं सुरू व्हायची. भरतीचं पाणी शेतांत घ्यायचं, उन्हाने ते आटवायचं, आणि खाली मीठ धरलं की ते ओढून पाट्यांत भरायचं. पाटी डोक्यावर घेऊन बायका अरुंद बांधावरून रांगेने चालायच्या आणि मिठाच्या राशीवर ती रिकामी करायच्या. ओलं मीठ फार जड असतं. पाटीतून खारं पाणी झिरपायचं, आधी मला भिजवायचं आणि मग कृष्णाबाईच्या मानेवरून पाठीत उतरायचं. उन्हाने मी वाळून कडक व्हायचे, पुन्हा भिजायचे, पुन्हा वाळायचे. पण बांधावर आमचा तोल कधी गेला नाही. बाकीच्या बायका गप्पा मारत चालायच्या. कृष्णाबाई तोंड मिटून, समोर बघत, ताठ मानेने चालायची.

"कृष्णाबायची मान बगा रं," मिठागराचा मुकादम भागोजी सगळ्यांना सांगायचा. "येवरा ओजा घेते, पन मान हालत न्हाय."

असं कुणी म्हटलं की मी खूष व्हायचे. मान तिची असेल, पण ती ताठ ठेवणारी मी, असं माझं ठाम मत होतं. एकदा शहरातून कुणी फोटो काढायला आले. रांगेतल्या सगळ्या बायका सोडून त्यांनी कृष्णाबाईला उभं केलं. पुढे तो फोटो घरी आला तेव्हा त्यात पाटी दिसत होती, मीठ दिसत होतं, कृष्णाबाईच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. मी तेवढी दिसत नव्हते. पाटीची कड माझ्यावर आली होती. त्या पाटीशी मी पुढचा सगळा हंगाम मनातल्या मनात भांडत होते.

हेव्याला तशी कारणं खूप होती. लग्नाकार्यात कृष्णाबाई मला घरी ठेवून अबोलीचा गजरा माळायची. संध्याकाळपर्यंत माना टाकणारी ती फुलं, आणि त्यांचं केवढं कौतुक! उशीचा तर मला मनापासून राग होता. दिवसभर ओझं झेलायचं मी, आणि ते डोकं टेकायचं तिच्यावर.

मग मिठागरं एकेक करून बंद पडली. बांध मोडले, जमिनींवर भराव पडले, आणि जिथे राशी घातल्या जायच्या तिथे लोखंडी कंटेनर एकावर एक चढले. गावातल्या पोरांनी गाड्या घेतल्या. कृष्णाबाईचा नवरा दयाराम तोवर वारला होता. तिच्या मुलाने, जीवनने, आधी दुसऱ्याचा ट्रेलर चालवला, मग स्वतःचा घेतला, त्याच्या जोडीला आणखी एक घेतला. दोन्ही गाड्यांच्या काचांवर 'बल्लाळेश्वर प्रसन्न' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. घरात नळ आला. हंड्याचं काम संपलं, पाटीचं आधीच संपलं होतं, आणि मी मागच्या पडवीतल्या खुंटीवर गेले. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसतं, आणि मधलं दार उघडं असलं की पुढची ओटीही दिसते. बघत राहण्यापलीकडे मला दुसरं काम उरलं नाही.

त्यानंतर जीवनचं लग्न झालं आणि जागृती घरात आली. शिकलेली, हसरी, हिशोबाला पक्की. जीवन एक गाडी स्वतः चालवायचा, दुसरी काळूराम नावाचा ड्रायव्हर. दोघेही बाहेर, त्यामुळे सगळा कारभार जागृतीच्या फोनवर आला. कुठली गाडी बंदराच्या गेटवर अडकली, कुठल्या मालाचा कागद राहिला, कुठला व्यापारी भडकला, कुणाचा टायर बसला, सगळं तिच्या कानात. हात मात्र भाकरीत गुंतलेले. म्हणून ती फोन कानाशी लावायची, डावा खांदा वर उचलायची आणि मान वाकडी करून तो मधेच दाबून धरायची. तव्यावर भाकर, खांद्यावर फोन.

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? माझ्या जागेच्या खाली जेमतेम वीतभर अंतरावर तो चपटा, गुळगुळीत, बडबड्या येऊन बसला होता. आणि दिवसभर बसत होता! मी कधी बोलले नाही, कधी ओरडले नाही, कुणाच्या शिव्या कुणाच्या कानात नेऊन घातल्या नाहीत. तरी मी खुंटीवर, आणि तो खांद्यावर.

हेव्याने माणूस बारीक बघायला लागतो, आणि चुंबळही. म्हणून जे घरात कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. फोन खाली ठेवला तरी जागृतीचा खांदा खाली येत नव्हता. फोन वाजायच्या आधीच तो वर जायला लागला. दात आवळलेले असायचे. श्वास वरच्या वर घेतला जायचा. ती दुपारी जेवणाचं ताट सारून म्हणायची की पोटात जळजळतंय, सकाळी म्हणायची की झोपच झाली नाही, संध्याकाळी डोकं दाबत बसायची. साध्या साध्या गोष्टींवरून चिडायची, आणि चिडली म्हणून स्वतःवरच पुन्हा चिडायची. महिन्यामागून महिने गेले आणि माझ्या खुंटीवरून बघताना तिचं डोकं डाव्या बाजूला कललेलंच दिसू लागलं. शेवटी एका सकाळी कुणीतरी दारातून हाक मारली म्हणून तिने मान वळवली, ती तिथेच राहिली. परत फिरेना.

जीवन त्या दिवशी घरी होता. तो तिला अलिबागला दवाखान्यात घेऊन गेला. दुपारी दोघं परत आली तेव्हा जागृतीच्या गळ्यात एक पट्टा होता.

मित्रांनो, त्या पट्ट्याबद्दल शांतपणे बोलणं मला अजून जमत नाही. फिक्कट रंगाचा, फुगलेला, मागे चरचर आवाज करत चिकटणारा. अंगावर मिठाचा कण पडलेला नाही, उन्हात एक तास काढलेला नाही, आणि आल्या दिवशी सगळ्या घराने त्याची विचारपूस केली. नीट बसलाय ना, घट्ट नाही ना, धुवायचा कसा. मला इतक्या वर्षांत कुणी धुतलं असेल तर ते खाऱ्या पाण्याने!

जीवनने बायकोच्या कोपराला धरून तिला रिक्षातून सावकाश खाली उतरवलं, ओटीवर बसवलं आणि स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला. कृष्णाबाई दारात उभी राहून ते बघत होती. तिचा चेहरा बघितला आणि मी मनात म्हटलं, अगं बाई, हा तर माझाच चेहरा.

"काय झाला गो येवरा?" तिने विचारलं.

"मानेचा बाक बिघडलाय म्हणतात," जागृती हळूच म्हणाली. "ताणानं होतं म्हणे."

"ताण? कसला ताण? बसून फोनवर बोलाचा, त्याचा ताण?" कृष्णाबाईचा आवाज चढला. "आमी बांदावरशी मीठ वाहिला. पाट्याच्या पाट्या वाहिल्या. माजी मान कदी दुखली न्हाय."

मी खुंटीवर फुगून बसले. जागृतीच्या मनातही बहुधा तेच होतं, की सासूने मीठ वाहिलं ते काम, आणि आपण करतो ते काय? नुसतं बोलणं. बोलण्याने कुणाची मान मोडते का? म्हणून दवाखान्यात सांगितलेलं बाकीचं तिने घरात सांगितलंच नाही. डॉक्टरबाईंनी वजन उचलायला साफ मनाई केली होती आणि दिवसातले काही तास फोन दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगितला होता. पण जीवन तर जेवून लगेच गाडी घेऊन बंदराकडे निघाला. फोन द्यायचा तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाबाईने मला खुंटीवरून काढलं. काढलं, पायरीवर आपटून धूळ झाडली आणि हातात फिरवून बघितलं. मला किती आनंद झाला ते मी सांगू शकत नाही.

"ओजा घेतला न्हाय म्हनून मान बिगारली तुजी," ती जागृतीला म्हणाली. "मानेला वलण पायजे. डोक्यावर हंडा घेतला का मान आपली आपन जागंवर येते. आमच्यात सगल्या बायकांची अशीच झाली."

तिने सुनेच्या गळ्यातला पट्टा चरचर काढला आणि माझ्या खुंटीला टांगला. मी जागृतीच्या डोक्यावर बसले. माझ्यावर पाण्याचा हंडा आला. परसातल्या नळापासून वांग्याच्या वाफ्यापर्यंत जायचं आणि यायचं. पट्टा खुंटीवर लोंबत होता आणि मी जाता-येता त्याला दिसत होते. एवढं सुख मला मिठागर बंद पडल्यापासून मिळालं नव्हतं.

पण ते डोकं वेगळं होतं. कृष्णाबाईच्या डोक्यावर मी बसले की खाली सगळं शांत असायचं. इथे माझ्याखालची कातडी ताणलेली होती, कपाळाच्या शिरा उडत होत्या आणि मान बारीक थरथरत होती. पहिल्या दिवशी हंडा थोडाच भरलेला होता. मग कृष्णाबाई रोज पाणी वाढवत गेली. जागृती ओठ घट्ट मिटून चालायची, हुबेहूब सासूसारखी. कृष्णाबाईला ती सुधारणा वाटली. मलाही वाटली. जागा मिळाल्यावर आणखी काय बघायचं?

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी, हंडा काठोकाठ भरलेला असताना, जागृतीच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. सवय फार वाईट. डोक्यावर हंडा असताना तिने एका हाताने फोन काढला आणि कानाशी लावला. काळूराम होता. वडखळच्या पुढे गाडी बंद पडली होती, मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि माल वेळेत पोचला नाही म्हणून व्यापारी त्याच्यावर ओरडत होता. जागृती बोलता बोलता हंडा सावरायला हात वर करायला गेली, आणि त्यासाठी तिने फोन खांद्यात दाबला. डोक्यावर हंडा, आणि मान डावीकडे!

माझ्याखाली काहीतरी कचकन आवळलं. जागृतीचा डावा हात एकाएकी खाली पडला आणि लोंबत राहिला. फोन चिखलात गेला. हंडा कलायला लागला. एकट्या उजव्या हाताने तो उतरवता येईना आणि तोल जाईल म्हणून मानही हलवता येईना.

"आई!" ती किंचाळली. "आई, हात लावा!"

हे तीन शब्द तुम्हाला साधे वाटतील. पण डोक्यावरचं ओझं एकटीला उतरवता येत नाही. मिठागरावर कुणी "हात लाव गो" म्हटलं की जी जवळ असेल तिने हातातलं टाकून धावायचंच. जावाजावांची बोलाचाली बंद असली तरी धावायचं. तिथे कुणी कारण विचारत नाही, कुणी म्हणत नाही की तुझं ओझं ते कितीसं. हात लावल्यावर पुन्हा बोलाचाली बंद करायची मुभा असते.

कृष्णाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने सूप फेकलं आणि अनवाणी धावली. तिचं वय विसरून तिच्या पायांनी ती धाव घेतली. दोन्ही हातांनी तिने हंडा वरच्या वर धरला, उतरवला. निम्मं पाणी दोघींच्या अंगावर सांडलं आणि मी चिखलात जाऊन पडले.

जागृती तिथेच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. शेजारी चिखलात फोन पुन्हा वाजत होता.

"रडू नको गो. उतरवला ना हंडा," कृष्णाबाई घाबरून म्हणाली.

"हंडा उतरवलात, आई." जागृतीने वाजणाऱ्या फोनकडे बोट केलं. "पण ह्याला कोण हात लावणार? हा मी रोज उचलते आणि उतरवतच नाय कोण. जेवताना नाय, निजताना नाय. आणि हे ओझं कुणाला दिसत पण नाय."

कृष्णाबाई सुनेच्या शेजारी बसली. लोंबणारा हात तिने आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली.

"ह्या दोन बोटांना मुंग्या येतान ना? करंगलीला न् तिच्या बाजूच्या बोटाला?"

"तुम्हाला कसं माहीत?"

कृष्णाबाई बोटं चोळत राहिली. "माज्यापन यायच्या."

"पण तुमची मान तर कधी..."

"दुखायची," कृष्णाबाई म्हणाली. "रोज दुखायची. सांजच्याला भाकर थापाला बोटा वलायची न्हाईत. सकाली मान उचलाला हात लावाया लागायचा."

"मग बोलला का नाय कधी?"

"कोनाला बोलू? मना कोनी इचारला?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "जीवननी तुना रिक्षातशी उतरवला ना, तवा मना राग आला गो. तुजा न्हाय. माजाच आला. मना कदी कोनी उतरवला न्हवता."

चिखलात पडल्या पडल्या मी ते ऐकलं. मित्रांनो, ज्या मानेच्या जोरावर मी जन्मभर मिरवले, ती मान रोज दुखत होती. बांधावर ती गप्प चालायची ते ऐटीने नाही. तोंड उघडलं तर कळ बाहेर पडेल म्हणून. तिच्या इतकी जवळ मी बसले आणि मला ती काही बोलली नाही. आणि या कालच्या पोरीला सगळं सांगितलं! तेव्हा जागृतीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा मला त्या पट्ट्याचाही वाटला नव्हता.

फोन पुन्हा वाजला. कृष्णाबाईने तो चिखलातून उचलला, पदराला पुसला आणि कानाशी धरला, दोन्ही हातांनी.

"काळू, मी कृष्णाबाय बोलतंय. आयक. गारी बाजूला घे, पानी पी, न् जीवनला फोन कर. त्यो गारीवाला हाय, त्याला कलतं. व्यापारी वरडतो? वरडू दे. त्याला सांग, मालकाची आय हाय फोनवर, तिच्याशी बोल. आता हिकडं फोन करू नको. पोरीचा हात गेलाय."

जीवन आपली गाडी काळूरामकडे वळवून, त्याची बंद पडलेली गाडी सुरू करून संध्याकाळी घरी आला. दुसऱ्या दिवशी तिघंही अलिबागला गेली, आणि मी सुद्धा गेले. कृष्णाबाईने मला धुऊन पिशवीत घातलं होतं. डॉक्टरला खरं काय झालं ते दाखवलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरबाईंचं नाव इनशा. रेवदंड्याच्या, घरी होड्या असलेल्या माणसांतल्या. त्यांनी जागृतीचा हात, बोटं, मान सगळं तपासलं, मग कृष्णाबाईने मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "चूक माजी. मी हिच्या डोक्यावर हंडा दिला. मान सरळ होईल म्हनून."

इनशा बाई रागावल्या, पण फार नाही. "मावशी, मान काठीसारखी सरळ नसते," त्या म्हणाल्या. "तिला पुढच्या बाजूला थोडा बाक असतो, आणि तो हवाच. हिचा तो बाकच नाहीसा झालाय. आमच्या होडीची डोलकाठी बघितलीत ना? ती नुसती रोवून उभी राहत नाही. चारी बाजूंनी दोर असतात, सारखे ताणलेले. एका बाजूचा दोर रोज थोडा थोडा ओढत गेलात तर काठी चांगली असूनही कलणार. पाठीच्या कण्याचं तसंच आहे. स्नायू म्हणजे त्याचे दोर."

"पन ओढला कोनी?"

"काळजीने. भीती वाटली की माणूस खांदे वर घेतो, दात आवळतो, श्वास आखडतो. भीती गेली की सगळं सुटतं. हिचा फोन दिवसभर वाजतो, तेव्हा सुटायला वेळच मिळत नाही. त्यात तो खांद्यात धरायचा, म्हणजे ओढ एकाच बाजूला. मग मान दुखते, म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून पोट बिघडतं, चिडचिड होते, आणि त्या चिडचिडीने दोर आणखी आवळतात. शरीर ओझ्यांची वेगळी वेगळी पोती करून ठेवत नाही, मावशी. मिठाचं काय आणि मनाचं काय, उचलावं मानेलाच लागतं."

जीवन खाली बघत होता. घरी गेल्यावर त्याने सगळ्यात आधी काळूरामचे फोन आपल्याकडे घेतले.

मग इनशा बाई कृष्णाबाईला म्हणाल्या, "आता तुम्ही बसा इथे."

"मना कनाला? मी म्हातारी. माजं काय बगता?"

"बसा तर खरं."

त्यांनी कृष्णाबाईच्या मानेवर बोटं ठेवली आणि मणका मणका दाबत खाली आल्या. मी टेबलावर होते, हातभर अंतरावर. एवढ्या वर्षांत त्या मानेची चौकशी करणारा तो पहिला हात होता. कृष्णाबाईने डोळे मिटले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मणके झिजले आहेत, इनशा बाईंनी सांगितलं, ते पुन्हा नवे होणार नाहीत, पण दुखणं कमी करता येईल. आणि ही चुंबळ आता कुणाच्याच डोक्यावर ठेवू नका.

हे शेवटचं वाक्य मी कसं गिळलं ते माझं मला माहीत. पण पुढच्याच दमात त्यांनी पट्ट्याचंही सांगितलं, की तो प्रवासात घालायचा, तोही थोडे दिवस, नाहीतर मान आळशी होते. तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.

मित्रांनो, सगळं एका दिवसात नीट झालं नाही. जागृतीच्या बोटांच्या मुंग्या जायला पावसाळा संपावा लागला. सासू-सुना रोज सकाळी भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात, हनुवटी आत घेतात, खांदे मागे नेतात, पोटातून श्वास घेतात. कृष्णाबाईला सुरुवातीला हसू यायचं, आता तीच सुनेला हाका मारते. जागृती फोन आता खांद्यात धरत नाही; कानात वायर घालून बोलते किंवा समोर ठेवून बोलते. कधी कधी जुना खांदा वर जातोच. मग कृष्णाबाई जाता जाता त्यावर नुसता हात ठेवते आणि तो खाली येतो.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असं चालत असेल. त्यांच्या डोक्यावर हंडा दिसणार नाही, पाटी दिसणार नाही. पण खांदे बघा, आवळलेले दात बघा, पुढे सारलेलं ताट बघा. पट्टा आणायच्या आधी त्यांना विचारा. मोठे आहेत, त्यांना काय होतंय, असं म्हणू नका. आणि तुमच्या स्वतःच्या मानेवर काही जड झालं, परीक्षेचं असो की आणखी कशाचं, तर तोंड मिटून चालू नका. हाक मारा. धावणारं माणूस पुष्कळदा अगदी जवळ तांदूळ निवडत बसलेलं असतं.

परवा दुपारचीच गोष्ट. जेवणं झाली होती. जागृती स्वयंपाकघरातल्या गारव्याला चटईवर उताणी पडली होती, हात दोन्ही बाजूंना सैल सोडून. तिचा फोन कृष्णाबाईजवळ होता. आता दुपारभर तो तिच्याकडेच असतो. फोन वाजला. जागृतीच्या पापण्या हलल्या, पण खांदा हलला नाही.

"ती निजलेय," कृष्णाबाई फोनवर हळू आवाजात म्हणाली. "काय हाय ते मना सांग."

मी माझ्या खुंटीवरून जागृतीच्या डोक्याकडे बघितलं. त्यावर हंडा नव्हता. कानाशी फोन नव्हता, गळ्यात पट्टा नव्हता, केसांत गजरा नव्हता. मी तर नव्हतेच. त्या डोक्यावर कुणीच बसलेलं नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला कुणाचाही हेवा वाटला नाही.